जॅझची श्रवणबैठक घरात कशी भरवावी: मुंबईतल्या दहा बाय पंधराच्या हॉलसाठी

वर्षानुवर्षं एकट्याने जॅझ ऐकणारे मुंबईत पुष्कळ आहेत. कपाटात दीडदोनशे एलपी असतात, कुठली तबकडी कोणत्या वर्षीची हे तोंडपाठ असतं. मग कधीतरी चार समानधर्मी मिळतात, घरी बोलावणं होतं आणि एकाच संध्याकाळी आयुष्यभराचं प्रेम ओतायचा प्रयत्न होतो. पंचवीस ध्वनिमुद्रणं, प्रत्येकाआधी दहा मिनिटांची प्रस्तावना. दुसऱ्या तासाला लोक घड्याळ बघू लागतात. दोष त्यांचा नसतो. जॅझमध्ये एका तीन मिनिटांच्या तबकडीत जेवढं घडतं तेवढं पहिल्या ऐकण्यात पकडता येत नाही, आणि पंचवीस तबकड्या पहिल्यांदाच ऐकल्या तर एकही ऐकली जात नाही.

म्हणून इथे सुचवलेली पद्धत साधी आहे: सात ध्वनिमुद्रणं, त्यांतली तीन दोनदा. बाकीचा सगळा खटाटोप ती सात नीट ऐकू यावीत यासाठी.

माणसं आणि वेळ

दहा ही कमाल संख्या धरा. दहा फूट बाय पंधरा फुटांच्या हॉलमध्ये सतरंजीवर दहा जण ऐसपैस बसतात. बारावा माणूस आला की कोणीतरी स्पीकरच्या मागे जातो आणि त्याला फक्त बेस ऐकू येतो.

रविवार सोयीचा, पण मेगाब्लॉक लक्षात घ्या. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो, त्यामुळे ठाण्याहून किंवा पनवेलहून येणाऱ्यांसाठी संध्याकाळी ५ची वेळ बरी. ५ला चहा, सव्वापाचला पहिली तबकडी, साडेसातला शेवट. निवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे, पण दहाची वाट बघूच नका. साडेसातला संपणारी बैठक शेजाऱ्यांना कधी जड जात नाही आणि परतीची गाडीही मिळते. गणपती आणि नवरात्रात बैठक ठेवू नका. खाली मंडप असेल तर बिल एव्हन्सचा पियानो वर ऐकू येणार नाही, आणि मंडपवाल्यांना आवाज कमी करा म्हणायची ती वेळ नव्हे.

सात ध्वनिमुद्रणं

खालची यादी पहिल्या बैठकीसाठी आहे. १९२८ ते १९६१ या काळातली, कालक्रमाच्या जवळपास लावलेली. सगळी मिळून जेमतेम ३४ मिनिटं होतात.

लुई आर्मस्ट्राँगचं ‘वेस्ट एन्ड ब्लूज’ (१९२८), कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’ (१९३९), ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ (१९४१), एला फिट्झजेराल्डचं बर्लिनच्या मैफलीतलं ‘मॅक द नाइफ’ (१९६०). मग मध्यंतर. त्यानंतर माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ (१९५९), डेव्ह ब्रुबेक चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ (१९५९) आणि शेवटी बिल एव्हन्स त्रयीचं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात २५ जून १९६१ला मुद्रित झालेलं ‘माय फूलिश हार्ट’.

यांतली ‘वेस्ट एन्ड ब्लूज’, ‘सो व्हॉट’ आणि ‘टेक फाइव्ह’ ही दोनदा वाजवायची. त्याने संगीताचा वेळ ५२ मिनिटांवर जातो. प्रत्येकाआधी दीड मिनिट बोलणं, नंतर तीनचार मिनिटं गप्पा, वीस मिनिटांचं मध्यंतर आणि शेवटी मोकळी चर्चा धरली की सव्वादोन तास भरतात.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं नाव यादीत नाही हे जाणकारांना खटकेल. तो मुद्दाम दुसऱ्या बैठकीसाठी ठेवला आहे. १९४५चं ‘को-को’ इतक्या वेगात जातं की जॅझचं आवर्तन कानात बसण्याआधी ऐकवलं तर नवख्याला नुसती धावपळ ऐकू येते, आणि तो शिक्का मग पुसता पुसत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ तिसऱ्या बैठकीला, पूर्ण, एकटंच.

टर्नटेबल: वेग, वजन, घरघर

मोबाइलवरूनही बैठक होऊ शकते, त्याबद्दल पुढे आहेच. पण तबकडी लावणार असाल तर आदल्या रविवारी एवढं तपासा.

पहिलं, वेग. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. जुन्या, नको असलेल्या एलपीच्या लेबलावर कागदी पट्टीचा छोटा तुकडा चिकटवा, सुई तबकडीवर ठेवा (सुई टेकलेली असतानाचा वेगच खरा), मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि फेऱ्या मोजा. १०० मोजायला कंटाळा येतो खरा, पण यापेक्षा स्वस्त आणि अचूक उपाय नाही. १८० सेकंदांत १०१ भरल्या तर वेग एक टक्का जास्त आहे, जो सहसा कोणाला कळत नाही. १०३ भरल्या तर पट्टी अर्ध्या सुराच्या निम्म्याने चढलेली असते, आणि पेटी वाजवणारा एक जण जरी बैठकीत असला तरी तो लगेच मान वर करतो. बहुतेक यंत्रांत खाली किंवा मोटरजवळ बारीक स्क्रू असतो. तो एका वेळी थोडासाच फिरवा आणि पुन्हा मोजा. पट्टा सैल झालेला असेल तर स्क्रूने काही होत नाही, पट्टाच बदलावा लागतो.

स्ट्रोबची चकती (वेग तपासायची रेघांची चकती) वापरत असाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा ३३⅓साठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लपलप नसते आणि रेघा स्थिर दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब लावला की दिसतात.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या जुन्या यंत्रांबाबत एक इशारा. तिथली वीज ६० हर्ट्झची. मोटर थेट विजेच्या तालावर चालणारी असेल, तर नुसता व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २८ फेऱ्या घेते आणि पांढरी एकच्या जागी खालची पांढरी सहा वाजते. त्यासाठी मोटरची ५० हर्ट्झची कप्पी मिळवावी लागते. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना हा त्रास नाही.

आता एक गंमत, जी माहीत नसली तर चांगलं यंत्र विनाकारण उघडलं जातं. ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीच्या जुन्या आवृत्त्यांची पहिली बाजू मुळातच किंचित चढी आहे. २ मार्च १९५९च्या सत्रात टेप यंत्र थोडं हळू चाललं होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर सूर वर गेले. ही चूक १९९२च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तेव्हा ‘सो व्हॉट’ पेटीशी जुळत नसेल तर आधी आवृत्ती बघा, स्क्रूला हात लावू नका.

दुसरं, सुईचं वजन. सुई धरणाऱ्या हाताच्या (टोनआर्मच्या) मागचं वजन फिरवून हात हवेत आडवा तरंगेल असा करा, तिथे आकड्यांची कडी शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसते त्या डबीच्या) पुस्तिकेत असेल तेवढा आकडा लावा. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, ऑर्टोफोनच्या टूएम रेडला १.८ ग्रॅम. अँटी-स्केटिंगचा, म्हणजे हात आत ओढला जाऊ नये म्हणून असलेल्या कळीचा, आकडाही तेवढाच. तबकडी जपायची म्हणून वजन कमी ठेवणारे बरेच असतात, पण त्याने उलटं होतं: सुई खाचेत नीट न टेकता उड्या मारते, ट्रम्पेटचा वरचा सूर फाटतो आणि खाचेच्या भिंती खरवडल्या जातात. नेहमीच्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास. किती तास झाले हे आठवत नसेल तर ती बदलायला आली आहे असं समजा.

तिसरं, जोडणी. टर्नटेबलचा सिग्नल अगदी क्षीण असतो आणि त्यात खर्ज मुद्दाम दाबलेला असतो. तो फोनो इनपुटमधूनच जायला हवा. ऑक्समध्ये खोचला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. काही यंत्रांच्या आतच फोनो प्रीॲम्प (हा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) असतो. तो चालू ठेवून पुन्हा ॲम्प्लिफायरच्या फोनोमध्ये लावलं तर आवाज फुटतो. दोन्हींपैकी एकच वापरा. सतत ‘हूं’ असा घरघराट येत असेल तर बारीक अर्थिंगची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला लावायची राहिली आहे, किंवा शेजारी एखादा अडॅप्टर आहे. तो फूटभर लांब सरकवा.

चौथं, कंपन. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर ठेवणं ही आपल्या घरांतली सर्रास होणारी चूक. चाचणी अशी: तबकडी थांबलेली असताना सुई टेकवा, आवाज बैठकीत ठेवणार तेवढा करा आणि फळीवर बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून ‘धुम्’ असं घुमणारं काही आलं तर जागा बदला. भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर कडप्प्याची फरशी टाकली की हा प्रश्न जवळजवळ संपतो. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींत जमीन लाकडी असेल तर कोणी उठून चाललं तरी सुई उडते. तिथे भिंतीवरची फरशीच हवी, दुसरा इलाज नाही.

खोली

मोझॅक फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी अशा हॉलमध्ये झांजेचा आवाज टोचतो. सतरंजीच्या खाली एक गोधडी घाला, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तम. स्पीकर कोपऱ्यात नकोत, कारण तिथे डबल बासचे सगळे सूर एकच वाटू लागतात, आणि जॅझमध्ये बास कळला नाही तर बैठक निम्मी वाया गेली. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणा. दोन स्पीकरमध्ये सहा ते सात फूट अंतर, आणि श्रोत्यांची मधली रांग तितक्याच अंतरावर.

उंचीकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. स्पीकरची बाजारातली स्टँडं खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या हिशेबाने बनवलेली असतात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचे कान साधारण अडीच फुटांवर असतात. स्पीकरचं वरचं छोटं भोंगं त्याच पातळीवर यायला हवं. स्टँड उंच पडत असेल तर काढून टाका आणि पाटावर ठेवून स्पीकर थोडा वर झुकवा.

पंखा एकवर ठेवा किंवा एसी आधी तासभर चालवून संगीताच्या वेळी बंद करा. व्हिलेज व्हॅनगार्डच्या मुद्रणात पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. ती ऐकू आली की खोली पुरेशी शांत झाली असं समजायला हरकत नाही. आवाज बसायच्या जागी सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास असावा. मोबाइलवरचं मापक ढोबळ असलं तरी चालतं. साधी खूण म्हणजे शेजाऱ्याशी बोलायला किंचित आवाज चढवावा लागला पाहिजे.

तबकड्या घेणं, धुणं, पावसाळा

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हापासून जुन्या तबकडीसाठी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची फेरी आलीच. बरीचशी दुकानं शुक्रवारी बंद असतात. घेताना मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. ओरखडा दिसला तर नखाने हलकेच चाचपा: नखाला लागला तर तो ऐकू येणार, नुसता दिसत असेल तर बहुधा नाही. मधल्या भोकाभोवती लेबलावर जितक्या रेघा, तितकी ती चालली आहे. खाचा चकचकीत काळ्याऐवजी राखाडी दिसल्या तर ठेवून द्या. त्या जड सुईने खाल्लेल्या असतात आणि कितीही धुतल्या तरी सुधारत नाहीत. मळ मात्र धुऊन निघतो, त्याला घाबरू नका.

धुण्यासाठी ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांड्यांच्या लिक्विड साबणाचे तीन थेंब. हातावर चोळायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन खाचेत बसतं. लेबल कोरडं ठेवून मऊ मायक्रोफायबरने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि भांड्यांच्या जाळीत उभी वाळवा. नळाचं पाणी शेवटच्या हाताला नको. वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात आणि तीच कुरकुर होते जी घालवायला बसलो होतो.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. साबणाचं पाणी, झटपट पुसणं, झटपट वाळवणं. त्यांच्यासाठी सुईही वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा तिपटीहून जाड. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त खरखर ऐकवते. आर्मस्ट्राँग ७८वरच ऐकला पाहिजे असा हट्ट मात्र करू नका. चांगल्या पुनर्मुद्रणात वाजवणारे जास्त स्पष्ट ऐकू येतात, आणि आपल्याला तेच हवं आहे.

जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि कागदी कव्हरांवर बुरशी धरते. तबकड्या उभ्याच ठेवा, ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून लांब. बाहेरचं प्लास्टिक तोंडाशी उघडं असू द्या, बंद पिशवीत आतली ओल आतच राहते. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या, आणि त्या महिन्याला बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. पंधरवड्यातून एकदा सगळ्या तबकड्या पुढेमागे करून हवा लागू द्यावी. १०० एलपींचं वजन साधारण २५ किलो होतं, तेव्हा भिंतीवरच्या पातळ प्लायच्या फळीवर त्या रचू नका.

तबकडी नसेल तर

फोनवरून ऐकवणार असाल तर सात मुद्रणं आदल्या दिवशी उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका, ऑटोप्ले आणि आवाज आपोआप समान करणारी सोय बंद करा, आणि ब्लूटूथऐवजी तार वापरा. हॉकिन्सच्या दुसऱ्या आवर्तनात कुरिअरवाल्याचा फोन वाजला तर ती तीन मिनिटं परत येत नाहीत. जुन्या मुद्रणांच्या नावाखाली नंतरची पुनर्ध्वनिमुद्रणं पुष्कळ फिरतात, त्यामुळे वर्ष तपासूनच निवडा.

प्रत्यक्ष बैठक

वाजवण्याआधी तीनच गोष्टी सांगायच्या: कोण, केव्हा, आणि कशाकडे कान ठेवायचा. दीड मिनिट पुरतं. वादकांच्या व्यसनांच्या आणि अकाली मृत्यूंच्या कहाण्या इथे नकोत. त्या सांगितल्या की लोक ट्रम्पेट ऐकायचं सोडून शोकांतिका ऐकू लागतात.

मराठी कानांची एक मोठी जमेची बाजू आहे, ती वापरा. आवर्तन म्हणजे काय हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. जॅझमध्ये चार मात्रांचा एक बार. ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं, म्हणजे ४८ मात्रा. गाण्याच्या चालीचं बहुधा ३२ बारांचं. ते आवर्तन पुन्हा पुन्हा येतं आणि प्रत्येक वादक त्यावर आपली उपज करतो. फरक इतकाच सांगायचा की आपल्याकडे तानपुऱ्याचा सा खाली स्थिर असतो, तर इथे पियानो आणि बासचा स्वराधार बारागणिक बदलत जातो. वादकाची करामत त्या हलत्या जमिनीवर चालण्याची आहे.

टाळीचीही एक अडचण येते. आपला हात सवयीने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या डोलत्या लयीत, जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, जिथे ड्रमवाला पायाने हाय-हॅट (झांजांची जोडी) मिटतो. ‘टेक द ए ट्रेन’ लावा आणि सगळ्यांना दोन-चारवर हळूच चुटक्या वाजवायला सांगा. अर्ध्या मिनिटात अंग आपोआप डोलू लागतं.

‘वेस्ट एन्ड ब्लूज’ची पहिली खेप काहीही न सांगता ऐकवा. सुरुवातीला आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट एकटाच उठतो, साथ नाही, ताल नाही, एखाद्या गवयाने ठेका सुरू व्हायच्या आत भरारी मारावी तसा. मग संथ ब्लूजची आवर्तनं: आधी सगळे मिळून, मग ट्रॉम्बोन, मग क्लॅरिनेट आणि आर्मस्ट्राँगचा शब्दाविण गळा यांचं हितगुज, मग अर्ल हाइन्सचा पियानो. दुसऱ्या खेपेला ही आवर्तनं बोटांवर मोजायला सांगा आणि शेवटच्याकडे लक्ष वेधा. तिथे ट्रम्पेट एकच वरचा सूर चार बार धरून ठेवतो. सोळा मात्रा. खाली स्वराधार सरकत राहतो आणि तोच सूर दर बाराला वेगळा भासतो. हे ऐकू आलं की माणूस जॅझचा झाला असं खुशाल समजा.

हॉकिन्सच्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये मूळ चाल सुरुवातीला जेमतेम स्पर्शून सोडलेली आहे, नंतर शेवटपर्यंत सगळी उपज. इथे फार बोलू नका. एलाच्या ‘मॅक द नाइफ’ला तर काहीच सांगावं लागत नाही: मध्यावर शब्द विसरतात, ती ते गातगातच कबूल करते, हवे ते शब्द जोडत जाते आणि लय तसूभर ढळत नाही. खोलीत हसू उमटतं. म्हणूनच ते मध्यंतराआधी ठेवलं आहे.

मध्यंतरात बटाटेवडे, चहा, काय हवं ते. पण त्या वेळेपुरतंच. चिवडा आणि वेफर्सची पिशवी संगीताच्या वेळी फिरता कामा नये, आणि तेलकट हात तबकडीला लागू नयेत म्हणून तबकड्या बदलणारा माणूस एकच असावा.

आता ‘सो व्हॉट’. पेटी घरात असेल तर ती बाहेर काढा. पांढरी दोनवर सा धरून काफी थाटाचे स्वर वाजवा: कोमल ग, कोमल नि, बाकी शुद्ध. १६ बार एवढंच. मग सगळा डोलारा जसाच्या तसा उचलून काळी दोनवर ठेवा, आठ बार. पुन्हा पांढरी दोनवर आठ बार. झालं ३२चं आवर्तन. आता तबकडी लावा. पियानो आणि बासचा अधांतरी आलाप संपतो, पॉल चेंबर्सचा बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन स्वरगुच्छांत उत्तर देतात. दीड मिनिटाच्या सुमारास जिमी कॉबची झांज फुटते आणि माइल्सचं एकल सुरू होतं. पहिल्या खेपेला श्रोत्यांना एकच काम द्या: सा काळी दोनवर गेला असं वाटलं की हात वर करायचा. सुरुवातीला हात डगमगत वर जातात. कोल्ट्रेनपर्यंत निम्मे बरोबर येतात. दुसऱ्या खेपेला हात नाही, नुसतं ऐकणं: माइल्सची, कोल्ट्रेनची, कॅननबॉल ॲडर्लीची प्रत्येकी दोन आवर्तनं, बिल एव्हन्सचं एक. माइल्स जागा सोडतो, कोल्ट्रेन ती भरतो, कॅननबॉल खेळवतो. एकाच जमिनीवरचे तीन स्वभाव, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय श्रोत्यांच्याच तोंडून आलं तर फार बरं.

‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, ३ + २. तबला जाणणारा कोणी झपताल आहे म्हणेल. झपताल २ + ३ + २ + ३ आहे, म्हणून पहिल्या मात्रेपासून ठेका धरला तर वजन चुकतं. तिसऱ्या मात्रेपासून धरा: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. ब्रुबेकच्या पियानोची पाच मात्रांची चौकट त्यावर बसते. चाल सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंडची. मधल्या जो मोरेलोच्या ड्रम एकलात मात्रा हरवतात, तेव्हा पियानोला धरून राहायचं, तो जागचा हलत नाही. ब्रुबेक १९५८ साली आपल्या दौऱ्यात मुंबईलाही आला होता, हे इथे सांगण्यासारखं आहे.

प्रत्येक तबकडीनंतर वीसेक सेकंद शांतता. मग ‘आवडलं का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं. ‘काय ऐकू आलं?’ असं विचारा. कोणी ‘सगळा गोंधळ वाटला’ म्हणाला तर ती तक्रार गंभीरपणे घ्या. त्याला पुढच्या तबकडीत फक्त बास ऐकायला सांगा, बाकी सगळं सोडून. बास म्हणजे ठेका आणि लेहरा दोन्ही. तो हाताला लागला की गोंधळ मिटतो.

दुसऱ्या महिन्यासाठी मुंबईचा धागा

आपल्या शहराचा जॅझशी संबंध जुना आहे. १९३५ साली लिऑन ॲबीने आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आणला. पुढे टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक इथे वाजवत होता. त्यांच्याकडून उचललेली कला गोव्याहून आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात नेली. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावं. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाणारा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, १९५१च्या ‘अलबेला’त आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. ‘वेस्ट एन्ड ब्लूज’ पाठोपाठ ‘अलबेला’ची गाणी लावा आणि फक्त ट्रम्पेटकडे कान द्या. ज्यांना जॅझ परका वाटतो त्यांना तो लहानपणापासून कानावर पडत होता हे तिथे उमगतं. शेवटी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स ठेवा: १९७८ला धोबी तलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा तो तिथे वाजवून गेला. एलिंग्टनच्या १९६३च्या पूर्वेकडच्या दौऱ्यातून निघालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’मधली दिल्लीच्या मैनेवरची रचनाही याच बैठकीत शोभते.

तिसऱ्या महिन्यापासून यजमान बदला. प्रत्येकाने एकच मुद्रण आणायचं, दीड मिनिट बोलायचं, आणि दोनदा काय वाजवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. घरात मित्रमंडळींपुरतं हे सगळं मोकळं आहे. तिकीट लावलं किंवा कॅफेत भरवलं तर पीपीएल आणि आयपीआरएस या संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांच्या परवान्यांची चौकशी आधी करा.

लोक गेल्यावर सुईला टोपण लावा, तबकड्या आतल्या कागदात तोंड वर करून घाला आणि उभ्या करा. एका वहीत तारीख, वाजवलेली मुद्रणं आणि कोण कशाला काय म्हणालं ते लिहा. ज्याचा हात ‘सो व्हॉट’च्या वेळी चुकीच्या जागी वर गेला होता, त्याच्यासाठी सहा महिन्यांनी तीच तबकडी पुन्हा काढा आणि त्याला काही न सांगता लावा.